कुरामोची सर पहिलीत गेले

उराहामाच्या प्राथमिक शाळेत सहावीचा वर्ग म्हणजे कुरामोची सरांचा वर्ग, हे सगळ्या गावानं धरूनच ठेवलं होतं. गाव समुद्राकाठचं. खाली बंदर, मागे डोंगर आणि मधल्या चढावर दुमजली शाळा. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीतून सरांचा आवाज थेट धक्क्यापर्यंत जायचा. ते लढायांचा धडा शिकवत असले, की जाळी विणणारी माणसं हात थांबवून ऐकायची. सर उंच होते, खांदे रुंद, भुवया जाड. पन्नाशीच्या जवळ आले होते. ही शाळा काय किंवा आधीच्या शाळा काय, नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी सहावीवरच काढला होता आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता.

दर एप्रिलला नवा वर्ग हाती आला, की सर पहिल्याच आठवड्यात एक चाचणी घ्यायचे. पहिली ते पाचवीत मुलांनी जे शिकून यायला हवं, त्यातलं थोडं थोडं त्यात असायचं. चाचणी झाली, की उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर आपटायचा आणि विचारायचं, की यांना सातचा पाढा येत नाही, यांना लिटर नि मिलिलिटर कळत नाही, यांना धड पेन्सिल धरता येत नाही. तर खाली पाच वर्षं नेमकं चालतं काय? पाचवीचे शिक्षक चौथीच्या शिक्षकांकडे बघायचे, चौथीचे तिसरीच्या. असं करत करत सगळ्यांच्या नजरा पायऱ्या उतरत शेवटी पहिलीच्या तोदा बाईंवर येऊन थांबायच्या, कारण त्यांच्या खाली कुणी नव्हतंच. तोदा बाई वयानं लहान. त्या बिचाऱ्या चहाच्या कपात बघत बसायच्या.

मुख्याध्यापिका हिराओका बाई हे सगळं कोपऱ्यातल्या टेबलावरून ऐकायच्या. अंगानं बारीक, आणि आवाज इतका हळू की त्या काय म्हणतात ते ऐकायला समोरच्याला वाकावंच लागायचं. त्यामुळे त्यांच्याशी बोलणारा प्रत्येक माणूस आदरानं उभा आहे असं दिसायचं. एका मार्चमध्ये तोदा बाई बाळंतपणाच्या रजेवर निघाल्या, तेव्हा हिराओका बाईंनी सरांना बोलावलं.

"सर, यंदा पहिली तुम्ही घ्या."

सर वाकले. सहावीच्या जागी आपण भलतंच काही ऐकलं, असं त्यांना वाटलं.

"पहिली," बाई पुन्हा म्हणाल्या. "दरवर्षी तुम्ही विचारता, खाली काय चालतं म्हणून. आम्हाला कुणालाच ते नीट सांगता येत नाही. तुम्हीच बघून या."

घरी ही बातमी सांगितली तेव्हा त्यांच्या पत्नी चिझुको यांना हसू आवरेना. त्या गावातल्या औषधांच्या दुकानात काम करायच्या, आणि शाळेत येणारी निम्मी मुलं त्यांच्याकडूनच खोकल्याची औषधं घेऊन जायची. त्यामुळे या वर्षी पहिलीत कोण कोण जाणार हे त्यांना सरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. सर म्हणाले, की लहान मुलांचं काही अवघड नसतं, सुरुवातीलाच शिस्त लावावी लागते. चिझुको म्हणाल्या, "अहो, तुम्ही नुसते दारात उभे राहिलात तरी ती रडतील."

तसंच झालं. पहिल्या दिवशी फाटकाशी चेरी फुललेली, आया ठेवणीतले कपडे घालून आलेल्या, आणि बारा मुलं पाठीवर आपल्याहून मोठी दप्तरं घेऊन वर्गात बसलेली. सरांनी नेहमीच्या आवाजात नमस्कार म्हटलं. दोघांनी भोकाड पसरलं. सरांनी आवाज उतरवला आणि सांगितलं, की सगळ्यांनी दप्तरं मागच्या कप्प्यांत ठेवा. एकही मूल हललं नाही. पुढच्या बाकावर एक मुलगी हाताची घडी घालून, मान ताठ करून बसली होती. सरांनी तिला विचारलं, तू का उठली नाहीस?

"तुम्ही सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली.

"मग?"

"मी सगळे नाही. मी फुमिका."

मग सरांनी बारा मुलांना बारा वेळा, एकेकाचं नाव घेऊन, दप्तर ठेवायला सांगितलं. तेवढ्यात एकाला लघवीला लागली. तो निघाला तसे उरलेले अकरा निघाले. परत आले तेव्हा त्यातल्या एकाच्या पायात दोन्ही डावे बूट होते आणि दुसऱ्याचा दात त्याच्या मुठीत होता. तो दात कुठे ठेवायचा, यावर शाळा सुटेपर्यंत चर्चा चालली.

मग रोजचा दिवस असाच जाऊ लागला. वरच्या मजल्यावर सर राजवटींच्या सनावळ्या शिकवायचे. इथे त्यांना शिकवावं लागलं, की छत्री मिटल्यावर तिचं टोक शेजाऱ्याकडे करायचं नाही. दूध वाढताना दुधाकडे बघायचं, मैत्रिणीकडे नाही. फडकं पिळायला सांगितलं तर मुलं भाताचा गोळा करावा तसं ते दोन्ही तळव्यांत दाबायची, आणि पाणी सगळं बाह्यांतून कोपरापर्यंत जायचं. अक्षरं काढायला लावली तर अर्धी आरशात पाहून काढल्यासारखी उलटी. पेन्सिल कशी धरायची ते दाखवायला सर मागे उभे राहून मुलाचा हात हातात घ्यायचे, तर सरांच्या पंजात मुलाचा हात नि पेन्सिल दोन्ही दिसेनाशी व्हायची. संध्याकाळी घरी आले की ते जेवायच्या आधीच चटईवर आडवे व्हायचे. चिझुको विचारायच्या, आज काय शिकवलं? सर डोळे न उघडता सांगायचे, "बटणं."

पावसाळा संपता संपता बेरीज दहाच्या पुढे गेली आणि सर खरे अडकले. पुस्तकात आठ अधिक सात असं लिहिलेलं, आणि साताच्या खाली देठानं जोडलेल्या दोन चेऱ्या काढलेल्या. एका चेरीत दोन, दुसरीत पाच. सरांनी त्या चेऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि फळ्यावर सरळ पंधरा लिहून टाकलं. मुलांनी विचारलं, का? सर म्हणाले, ते तसंच असतं. रिन्तारो नावाच्या एका मुलानं विचारलं, की मग चेऱ्या खायच्या कधी?

त्या रविवारी सर तांदळाच्या गोड मोचीचा डबा घेऊन तोदा बाईंच्या घरी गेले. डोंगराच्या बाजूला, सासरच्या घरी त्या बाळाला घेऊन राहत होत्या. दारात सरांना बघून त्यांना वाटलं, की घरात बसलेल्या आपल्यालाही आता पेन्सिल धरण्यावरून बोलणी खावी लागणार. सरांनी डबा पुढे केला, दोनदा घसा साफ केला आणि म्हणाले, "त्या चेऱ्या. त्या कशासाठी असतात?"

तोदा बाईंनी बाळ सरांच्या हातात दिलं, कारण कागदावर काढून दाखवायला त्यांना हात मोकळे हवे होते. त्या म्हणाल्या, "सर, मुलांना दहापर्यंत बोटांवर येतं. दहा हे त्यांचं घर. आठ दाराशी आलाय, त्याला आत जायला दोन हवेत. ते दोन तो साताकडे मागतो. मग साताकडे उरतात किती?"

"पाच," सर म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की बाळ दचकलं आणि त्यानं सरांच्या कोटावर दूध काढलं. तोदा बाई कोट पुसायला लागल्या, तर सर म्हणाले असू द्या, आणि पुढचं विचारत राहिले. त्या दिवशी त्यांना हेही कळलं, की पहिलीतल्या मुलाला आपण 'सगळे'मध्ये मोडतो हे माहीत नसतं, ते सवयीनं कळतं आणि त्याला जूनपर्यंतचा काळ लागतो. सर म्हणाले, की हे मला एप्रिलमध्ये कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तोदा बाई म्हणाल्या, की तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. एवढं बोलून त्या स्वतःच घाबरल्या. पण सर डोकं खाजवत हसले आणि डब्यातली एक मोची त्यांनीच खाल्ली.

वर्ष संपलं. मुलांना ऐंशी चित्राक्षरं आली, वजाबाकी आली, कुंडीत वेल वाढवून त्याच्या बिया जमवता आल्या, आणि फडकंही पिळता आलं. सर हिराओका बाईंकडे जाऊन म्हणाले, की खाली काय चालतं ते पाहून झालं, आता माझा वर्ग मला द्या. बाई पुटपुटल्या. सर वाकले.

"दुसरी कुठे पाहिलीत अजून?"

दुसरीचं वर्ष पाढ्यांचं. पानगळ सुरू झाली की नऊपर्यंतचे पाढे तोंडपाठ व्हायला हवेत. मुलं वाटेत, आंघोळीच्या टबात, टोफूच्या दुकानासमोर रांगेत उभी राहून पाढे म्हणायची. सहावीवर असताना सरांचा सर्वांत मोठा राग सातच्या पाढ्यावर होता, म्हणून यंदा त्यांनी तो घोटून घेतला. अकरा जणांना आला. रिन्तारो मात्र रोज एकाच जागी घसरायचा. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस, सात चोक सव्वीस. सर चुकलं म्हणायचे, तो मान हलवायचा, शाळेत अठ्ठावीस म्हणायचा आणि सकाळी घरून पुन्हा सव्वीस घेऊन यायचा.

शेवटी सर त्याच्या घरी गेले. रिन्तारोचे आजोबा किंपेई धक्क्याजवळ मासे वाळवायचे. संध्याकाळी नातवाचा अभ्यास तेच घ्यायचे. पाय पसरून बसलेल्या आजोबांनी शांतपणे सांगितलं, की पोराचं काही चुकत नाही.

"आमच्या घरात सात चोक सव्वीसच असतात, मास्तर. माझ्या बापापासून."

सर म्हणाले, की आजोबा, पुस्तकात अठ्ठावीस आहेत. आजोबा म्हणाले, की पुस्तक काढणारे डोंगरापलीकडचे असतील. आवाज चढले. शेजारचे दोघंतिघं जाळी खाली ठेवून ऐकायला आले. जुने कुरामोची सर असते, तर त्यांनी तिथल्या तिथे व्याख्यान दिलं असतं. पण दीड वर्षात त्यांना एक कळलं होतं, की समजावून सांगितल्यानं फार कमी गोष्टी समजतात. त्यांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि टोपलीतले चिरलेले बांगडे वाळवणाच्या जाळीवर मांडायला घेतले. एका ओळीत सात, अशा चार ओळी. मग म्हणाले, मोजा.

किंपेई आजोबांनी बोट लावून मोजले. पुन्हा उलट्या बाजूनं मोजले. मग त्यांनी मागे जमलेल्या लोकांकडे संशयानं पाहिलं.

"हे वरचे दोन कुणी ठेवले?"

अजूनही ते हट्टानं सव्वीसच म्हणतात. पण रिन्तारोनं दुसऱ्या दिवसापासून शाळेत आणि घरी दोन्हीकडे अठ्ठावीस म्हणायला सुरुवात केली, आणि आजोबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायला लागले. सर घरी आले तेव्हा त्यांच्या अंगाला माशांचा वास येत होता. ते चिझुकोंना म्हणाले, की इतकी वर्षं मला वाटत होतं, पाढा येत नाही म्हणजे पोर आळशी. त्याच्या घरी दुसराच पाढा चालत असेल हे डोक्यातही आलं नाही.

त्या वर्षाच्या शेवटी त्यांनी सहावी मागितली नाही. दिली तर घ्यायची, एवढंच ठरवलं. कुणी दिली नाही.

तिसरीत शास्त्र सुरू होतं, आपल्या गावाची माहिती सुरू होते, शाई आणि कुंचला हातात येतो आणि बासरी येते. शाईचं सांगण्यासारखं एवढंच, की वर्षभर वर्गातल्या भिंती, पडदे आणि सर यांच्यावर ठिपके होते. बासरी मात्र सगळ्या गावाला लक्षात राहिली. सरांची बोटं इतकी जाड, की एक भोक झाकायला गेलं की शेजारचंही झाकलं जायचं. मुलांच्या आधी आपल्याला यायला हवी, म्हणून ते रोज घरी सराव करायचे. शेजारचं मांजर आठवडाभरात मुक्काम हलवून बंदरावर राहायला गेलं. चिझुको दुकानातून उशिरा यायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, गिऱ्हाईक फार. शेवटी फुमिकानं सरांना बाजूला घेऊन समजावलं, की सर, बोटांची टोकं नाही, गादी ठेवायची, आणि फुंकर सूप गार करताना मारतो तशी मारायची. सरांनी तशी मारली आणि पहिल्यांदाच सूर लागला. फुमिकाचा चेहरा अगदी शिक्षकासारखा झाला होता, दमलेला आणि समाधानी.

कोबीच्या पानांवर अळ्या पाळायच्या हाही तिसरीचाच अभ्यास. सलग सुट्ट्या आल्या म्हणून सरांनी अळ्यांची पेटी शिक्षकांच्या खोलीत कपाटावर ठेवली आणि झाकणाची कडी लावायची विसरले. सुट्टीनंतर हिराओका बाईंनी दार उघडलं तर आत पांढरी फुलपाखरं. एक त्यांच्या चहाच्या कपाच्या काठावर बसलेलं. बाई त्यावर काही बोलल्या का ते कुणाला ऐकू गेलं नाही. खिडक्या उघडायला मात्र त्यांनी मुलांना बोलावलं आणि शेवटचं फुलपाखरू बाहेर जाईपर्यंत पहिला तास होऊ दिला नाही.

तिसरी संपताना सर स्वतः त्यांच्याकडे गेले आणि चौथी द्याल का म्हणून विचारलं. पालकांचीही तीच इच्छा होती. खरं तर दरवर्षी शिक्षक बदलायचा रिवाज; पण छोट्या गावात, एकाच तुकडीच्या शाळेत, रिवाजाकडे थोडी डोळेझाक करता येते.

चौथीची मुलं दहा वर्षांची होतात. वीस वर्षांचं झालं की माणूस मोठा म्हणवायचा, या जुन्या हिशेबानं दहा म्हणजे निम्मा रस्ता. त्याचा एक समारंभ असतो. मुलं व्यासपीठावर येऊन आईबापांचे आभार मानतात, पुढे काय व्हायचं ते सांगतात आणि आया रुमाल काढतात. सरांनी सगळ्यांना मनापासून, स्वतःच्या शब्दांत बोला, मी आधी काहीही तपासणार नाही असं सांगितलं. हे सांगायला नको होतं.

रिन्तारो म्हणाला, आजोबांसारखे मासे वाळवीन, पण मोजून. किंपेई आजोबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी छताकडे पाहिलं. मग फुमिका आली. तिचे वडील मोठ्या जहाजावर, महिनोन् महिने घरी नसायचे. त्या दिवशी मुद्दाम आले होते. तिनं त्यांचे आभार मानले, आईचे मानले आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"मी मोठी झाल्यावर पहिलीची शिक्षिका होणार. कारण आम्ही पहिलीत होतो तेव्हा कुरामोची सरांना काहीच येत नव्हतं, तरी चाललं."

सभागृह असं हसलं की मागच्या खुर्च्या सरकल्या. सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तोदा बाई रजा संपवून परत आल्या होत्या, पुन्हा पहिलीवरच. त्या भिंतीशी उभ्या होत्या आणि तोंडावर हात दाबून धरला तरी त्यांचे खांदे हलत होते. फुमिकाला लोक का हसतात ते कळेना. तिनं ते कौतुक म्हणूनच म्हटलं होतं. समारंभ संपल्यावर तिचे वडील सरांपुढे खाली वाकले आणि म्हणाले, की मी बाहेर असतो, पोरगी घरून फोनवर फक्त तुमच्याच गमती सांगते. सरही वाकले. दोघं कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले, कारण आधी कुणी सरळ व्हायचं ते ठरेना.

पाचवीत गृहशास्त्र येतं. मुलगे-मुली सगळ्यांनीच सुईदोरा घ्यायचा, बटाटे उकडायचे, काचेच्या पातेल्यात भात शिजताना बघायचा. सरांनी आयुष्यात स्वतःचं बटण लावलं नव्हतं. एप्रिलमध्ये चिझुकोंनी त्यांना जेवणाच्या टेबलापाशी बसवलं आणि गाठ मारण्यापासून सुरुवात केली. चुकलं की त्या हातावर टिचकी मारायच्या. सर म्हणाले, की अगं, शिक्षकानं मारायचं नसतं. त्या म्हणाल्या, मी शिक्षिका नाही, मी ज्याचे सदरे इतकी वर्षं शिवले त्याची बायको आहे.

वर्गात सरांनी मांडीवर फडकं घेऊन धावदोरा घालून दाखवला. टाके अगदी एकसारखे आले. मुलांना दाखवायला म्हणून ते ऐटीत उभे राहिले, तर फडकं हातात येईना. ते पँटला शिवलं गेलं होतं. बारा मुलं टेबलांवर डोकं ठेवून हसली. मग दोन मुली बारकी कात्री घेऊन आल्या आणि सर भिंतीकडे तोंड करून, हात वर करून, टाके उसवून होईपर्यंत उभे राहिले. पुढे मुलांनी शिवणात कितीही चुका केल्या तरी कुणी रडलं नाही.

टक्केवारी मात्र पाचवीत अवघड गेली. सरांना वाटलं होतं, की आपण पहिलीपासून पाया घातलाय, आता सगळं सरळ जाईल. ते सरळ गेलं नाही. त्यांनी चित्रं काढली, पट्ट्या कापल्या, सरबत करून पाजलं. त्या दिवशी मुलांना कळलं आणि सोमवारी पुन्हा कळेनासं झालं. सर संध्याकाळी बंदराच्या भिंतीवर बसून विचार करायचे, की परवा कळलेलं आज कुठे गेलं.

आणि मग सहावी. वरच्या मजल्यावरची, टोकाची, त्यांची स्वतःची खोली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती जुनी चाचणी काढली. तीच, पहिली ते पाचवीत यायला हवं त्याची. शाळेत ही बातमी पसरली. संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत कुणालाही घरी जायची घाई नव्हती. पाचवीचे, चौथीचे, तिसरीचे शिक्षक उगाच कागद चाळत बसले होते. तोदा बाई चहा ओतत होत्या आणि कप भरला तरी ओतत होत्या.

सर गठ्ठा घेऊन आले. आपटला नाही. खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला.

"टक्केवारीत सहा नापास," ते म्हणाले. "लिटर-मिलिलिटरमध्ये चार. दोघांची पेन्सिल अजून मुठीत. आणि सातचा पाढा एकाला आला नाही. रिन्तारोला नाही, दुसऱ्याच एकाला."

मग कोपऱ्यातल्या टेबलावरून हिराओका बाईंनी काहीतरी विचारलं. सगळे वाकले.

"कुणी शिकवलं होतं यांना?"

सरांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि आधी त्यांच्या भुवया हलल्या, मग ओठ, आणि मग ते असे हसले की हातातला चष्मा खाली पडला. हसू ओसरल्यावर ते उठून उभे राहिले. तोदा बाईंसमोर येऊन ते कमरेत पूर्ण वाकले आणि म्हणाले, "बाई, तेवढी वर्षं मी जे बोललो, ते मला परत घ्यायचंय. घेता येतं का?"

तोदा बाईंच्या हातात किटली होती, त्यामुळे त्यांना वाकताही येईना आणि ती ठेवताही येईना. त्या म्हणाल्या, "अर्धं परत घ्या, सर. फडकं पिळायला मी तेव्हा खरंच नीट शिकवत नव्हते."

त्या वर्षीचा इतिहासही वेगळा झाला. पूर्वी सर बोलायचे आणि मुलं लिहून घ्यायची. पण या बाराजणांनी त्यांना पँटला फडकं शिवताना पाहिलं होतं. त्यांना धाक कसला? सहलीला किल्ल्यावर नेलं तेव्हा सरांनी वेढ्याचं आपलं गाजलेलं वर्णन सुरू केलं. फुमिकानं मध्येच हात वर केला आणि विचारलं, की वेढा एवढे महिने चालला, तर आत अडकलेले लोक परसाकडे कुठे जायचे? सरांनी तो वेढा आयुष्यभर शिकवला होता आणि हा प्रश्न त्यांच्या मनात कधीच आला नव्हता. मग तेरा जण मिळून किल्लाभर ती जागा शोधत हिंडले. रखवालदार म्हातारा होता. त्यानं मान हलवत सांगितलं, की नोकरीला लागल्यापासून कुणीतरी हे विचारेल याची मी वाट बघतोय, आणि त्यांना मागच्या तटाशी नेऊन दगडी मोरी दाखवली. परतीच्या बसमध्ये मुलांना वेढा दोन्ही बाजूंनी पाठ झाला होता. मोरीसकट.

मार्चमध्ये निरोप समारंभ झाला. शिक्षकानं एकेक नाव घ्यायचं, मुलानं हजर म्हणून उठायचं. सरांनी नावं नीट घेतली. आवाज कापला नाही, डोळे भरले नाहीत. हे सगळं घरी गेल्यावर, बूट काढताना झालं, आणि चिझुकोंनी त्यांना तिथेच उंबऱ्यापाशी बसू दिलं. नंतर त्या म्हणाल्या, उठा आता, भात निवतोय.

त्याच वसंतात हिराओका बाई निवृत्त झाल्या आणि सरांची बदली डोंगरापलीकडच्या मोठ्या शाळेत झाली. नव्या मुख्याध्यापकांनी विचारलं, की तुमचा अनुभव पाहता सहावी द्यावी ना? सरांनी सांगितलं, की सहावीपेक्षा मला पहिली द्या. मुख्याध्यापकांना वाटलं, तब्येतीचं काही असेल. त्यांनी काळजीनं होकार दिला.

पहिल्या दिवशी सगळी मुलं आत गेली तरी एक मुलगा फाटकाबाहेरच होता. लोखंडी गज दोन्ही हातांनी घट्ट धरून तो उभा होता. त्याची आई आधी समजावून, मग रागावून, आता रडकुंडीला आली होती. सर बाहेर आले. त्यांनी आईला खुणेनं बाजूला व्हायला सांगितलं, फाटकाच्या दुसऱ्या अंगाचा गज आपणही दोन्ही हातांनी धरला आणि काही न बोलता उभे राहिले.

मुलानं तिरक्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. हा एवढा मोठा माणूस. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तुम्हीपण नाही जाणार?"

"जायचंय," सर म्हणाले. "पण आत सगळे नवे आहेत. माझ्या ओळखीचं कुणीच नाही."

मुलानं यावर विचार केला. आत घंटा झाली. खिडक्यांतून पहिलीच्या खोलीतला गलका ऐकू येत होता. कुणीतरी रडत होतं, कुणीतरी काहीतरी पाडलं होतं. मुलानं एक हात गजावरून सोडवला, विजारीला पुसला आणि सरांपुढे केला.

"चला," तो म्हणाला. "मी तुमच्या शेजारी बसतो."